गरोदर बाईला वेगळे आकडे कशाला, म्हणे!

रात्रपाळी: काल इथे कोणीतरी सेप्सिसबद्दल, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडण्याबद्दल, लिहिलं, "सेप्सिसची व्याख्या सगळ्यांना एकच, गरोदर बायकांचे वेगळे आकडे म्हणजे गोंधळ." वाचून डोकं तापलं. गरोदरपणात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) एरवी ०.८ च्या खाली असतं. सोफा म्हणजे अवयव किती बिघडले ते मोजणारी गुणपद्धत; तिच्यात किडनीचा पहिला गुण मिळतो १.२ ला. म्हणजे १.१ वर किडनी कुरकुरत असली तरी गुण शून्य! उलट क्यूसोफात, म्हणजे सोफाच्या झटपट चाळणीत, वरचं बीपी १०० किंवा त्याखाली आलं की गुण, आणि तेवढं तर धडधाकट गर्भवतीचंही असतं. म्हणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने २०१७ मध्ये बीपीची रेघ ९० च्या खाली नेली, श्वासाची मिनिटाला २५ वर.

मूळमुद्दा: लिहिणारा मीच. डब्ल्यूएचओची २०१७ ची व्याख्या वाचा: संसर्गामुळे अवयव बिघडले, मग ते गरोदरपणात, प्रसूतीत, गर्भपातानंतर असो की बाळंतपणात. एकही आकडा नाही त्यात. कळांमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, लॅक्टेट (सेप्सिसमध्येही वाढणारं आम्ल) वाढतं, एपिड्युरलने (वेदना कमी करायला पाठीत देतात त्या औषधाने) ताप येतो. तुमच्या चाळणीत निरोगी बायका अडकतात, त्याचं काय?

सईची मावशी: आकडे राहू द्या. माझ्या बहिणीचं सिझेरियन झालं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सुरूच, त्यामुळे ताप दिसलाच नाही. पोट फार दुखतंय म्हणाली, तर "बाळंतपणात दुखायचंच." धाप लागली होती तिला, आणि चार्टवर प्रत्येक वेळी श्वास २०! मोजला कोणी? आयसीयूतून परत आली ती नशिबाने.

वॉर्ड सिस्टर: सगळ्या सिस्टरांना खोटं ठरवू नका. नाडी, ऑक्सिजन मशीन दाखवतं. श्वास मोजायला मिनिटभर खाटेजवळ उभं राहावं लागतं, तेवढ्यात तीन बेल वाजतात.

सईची मावशी: मग रकाना रिकामा ठेवा. २० का लिहिता?

वॉर्ड सिस्टर: ...हे बरोबर आहे. रिकामा रकाना बघून निदान डॉक्टर विचारतील तरी.

रात्रपाळी: श्वास बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी बदलतो आणि तोच कोणी मोजत नाही! २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत गरोदर सविता हलप्पनवार सेप्सिसने गेल्या, तेव्हाच्या चौकशीतही नाडी-श्वासाच्या नोंदींतल्या त्रुटी निघाल्या.

मूळमुद्दा: क्रिएटिनिनचं मान्य, नाइलाजाने. पांढऱ्या पेशींवर मात्र हटणार नाही. कळा चालू असताना त्यावरून सेप्सिस म्हणू नका.

रात्रपाळी: नुसत्या त्यावरून म्हणतच नाही. पण संसर्गाचा संशय आणि श्वास २६, तर कल्चर (जंतू शोधायला रक्ताचा नमुना) घेऊन तासाभरात अँटिबायोटिक. वाद नंतर.