कॅनडात इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यायचीय, पासिंग वगैरे कसं असतं तिकडे?

फोंडेकर_झिरोपाच

नमस्कार मंडळी. बायकोला हॅमिल्टनला नोकरी लागलीय, त्यामुळे चवथ आटपली की ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं निघणार. मी गेली तीन वर्षं इलेक्ट्रिक स्कूटरवर फोंडा ते वेर्णा जातोय, बोरी पुलावरून, येऊन जाऊन पंचेचाळीस-पन्नास किमी, रात्री पडवीतल्या प्लगला लावली की सकाळी फुल्ल, पेट्रोल पंपाचं तोंड बघितलेलं नाही. आता परत पेट्रोलवर जायचं मनात येत नाही म्हणून तिकडेही इलेक्ट्रिकच घ्यायची, पण स्कूटर नको, या वेळी नीट मोटरसायकल.

प्रश्न असे की एक तर माझी हीच स्कूटर कंटेनरमधून नेता येते का, सामान तसंही जाणारच आहे. दुसरं म्हणजे माझ्या इथल्या लायसनवर चालवता येईल का, कार आणि गियरवाली टू-व्हीलर दोन्ही आहेत त्यात. आणि तिसरं, ऑनलाइन बघताना एक गाडी दिसली, दिसायला अगदी मोटरसायकल पण बाजूला पेडल आहेत, विकणारा म्हणतो लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. किंमतही कमी. हे खरं असतं का? कोणी तिकडे असेल तर सांगा प्लीज.

पणजीचे_काका

अरे बाबा, उणे वीसमध्ये मोटरसायकल चालवणार तू? आम्हाला इथे डिसेंबरात पहाटे मांडवी पुलावर वारा लागला तर जॅकेट शोधतो. गाडी घे सरळ, चार चाकांची. आणि पासिंगचं काय एवढं, डीलर करून देतो की सगळं, नाहीतर एखादा एजंट पकडायचा, असतीलच तिकडे, आपली माणसं कुठे नाहीत.

हॅमिल्टनचा_माशेलकर

काका, तीच तर अडचण आहे, इथे एजंट पकडून होत नाही. नऊ वर्षं झाली मला इथे, त्यातली चार इलेक्ट्रिक बाइकवर, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी स्कूटर. विसर. कॅनडात गाडी आणायची तर ती बनतानाच इथल्या सेफ्टी स्टँडर्डप्रमाणे बनलेली आणि कंपनीने तसं सर्टिफाय केलेली लागते. आपल्याकडे विकली जाणारी तशी नसते आणि नंतर लाइट बदलून, आरसे लावून ती तशी करताही येत नाही. अमेरिकेतल्या गाड्यांना वेगळा रस्ता आहे, भारतातल्यांना नाही. गंमत म्हणजे १५ वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर या नियमातून सूट, म्हणजे आजोबांची येझदी आत येऊ शकते, तुझी नवी कोरी स्कूटर नाही. आणि येझदी आणायची झाली तरी चाकाला, मडगार्डला मातीचा कण चालत नाही, वापरलेली गाडी मातीशिवाय आली पाहिजे असा नियमच आहे. आपली तांबडी माती पाच वेळा धुतली तरी कुठून तरी निघतेच, तुला ठाऊक आहे.

आता नवीन बाइक. गाडी बघायच्या आधी कागद बघायचा. कंपनी प्रत्येक नव्या गाडीबरोबर एक कागद देते, न्यू व्हेइकल इन्फर्मेशन स्टेटमेंट, सगळे एनव्हीआयएसच म्हणतात. त्यावर १७ आकडे-अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आणि गाडीचा प्रकार असतो. हा कागद, डीलरचं बिल, इन्शुरन्सचा पुरावा आणि तुझी ओळखपत्रं घेऊन सर्व्हिसओंटारियोच्या, म्हणजे हॅमिल्टन ज्यात येतं त्या ओंटारियो प्रांताच्या सरकारी ऑफिसच्या, काउंटरला गेलास की परमिट आणि प्लेट हातात मिळते, तेवढंच. डीलर करून देत असेल तर उत्तमच. पण कागदावर प्रकार ‘ऑफ रोड’ किंवा तसलं काही असेल तर काउंटरवरची बाई कितीही गोड बोलली तरी रस्त्याची प्लेट देणार नाही. गाडी इथल्या स्टँडर्डप्रमाणे आहे असं सांगणारं कम्प्लायन्स लेबल फ्रेमवर असतं तेही वाकून वाच, लाजू नको.

अजून एक, आपल्याला विचित्र वाटतं ते. इथे ओंटारियोत प्लेट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली की प्लेट काढून घरी ठेवायची आणि पुढच्या बाइकला तीच लावायची. जीए ०५ जन्मभर गाडीला चिकटलेली बघत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. वर्षाला स्टिकर घ्यावा लागायचा, तो मोटरसायकलींना २०२२ पासून बंद झाला.

टॅक्स १३ टक्के. आणि सबसिडीची आशा धरू नको. ओंटारियोची २०१८ मध्येच बंद झाली, आणि केंद्राची होती ती गाड्यांना होती, मोटरसायकलींना नव्हतीच, तीही जानेवारी २०२५ मध्ये पैसे संपून थांबली. इथे इलेक्ट्रिकला रोड टॅक्स माफ वगैरे ऐकून आला असशील तर ते गोव्यातच राहू दे.

लायसनचं नंतर लिहितो, पोराला आणायला जायचंय.

साखळीची_सून

पेडलवाल्या गाडीबद्दल मी सांगते कारण आमच्याकडे घडलंय. आमचे धाकटे भावजी ब्रॅम्प्टनला असतात, शिकायला गेले, डिलिव्हरीचं काम करायचे. त्यांनी अशीच एक ऑनलाइन मागवली, विकणाऱ्याने सांगितलं पेडल आहेत म्हणजे सायकलच धरतात. पेडल कसली, मारून बघा, पाय दुखून येतात आणि गाडी जागची हलत नाही. मोटरवर मात्र ७० ने पळायची. दोन महिने मस्त चाललं, इकडे फोटोबिटो पाठवले, सासूबाई पण खूश की मुलाने गाडी घेतली. मग एक दिवस पोलिसाने थांबवलं, लायसन विचारलं, प्लेट विचारली, इन्शुरन्स विचारला, तिन्ही नाही. मग भावजी म्हणाले पासिंग करून टाकू, काउंटरला गेले तर त्यांनी तो एनव्हीआयएस मागितला, यांच्याकडे फक्त बिल, आणि बिलाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं की रस्त्यावर वापरायची नाही. दुकानाने मग फोन उचलणंच बंद केलं. गाडी अजून बेसमेंटमध्ये पडून आहे, विकायला पण भीती वाटते की घेणाराही असाच फसेल. दंड किती झाला ते अजून सासूबाईंना सांगितलेलं नाही म्हणून इथेही लिहीत नाही 😄

हॅमिल्टनचा_माशेलकर

ताई, बरं झालं लिहिलंत. इन्शुरन्सशिवाय मोटार वाहन चालवलं तर ओंटारियोत पहिल्याच वेळी कमीत कमी दंड ५,००० डॉलर आहे, म्हणजे अंदाज येईल सगळ्यांना.

खरी ई-बाइक म्हणजे चालवता येतील असे पेडल, मोटर ५०० वॉटपर्यंत, मोटरवर वेग ताशी ३२ किमीच्या वर नाही, वजन १२० किलोच्या आत, चालवणारा १६ वर्षांचा आणि डोक्यावर हेल्मेट. एवढं असेल तर खरंच लायसन नको, प्लेट नको. त्याच्या वर गेलं की ते मोटार वाहन, मग पेडल असो नाहीतर वल्हं.

आता लायसन. नवीन आलेल्या माणसाला ६० दिवस स्वतःच्या देशाच्या लायसनवर चालवता येतं, पुढे ओंटारियोचं लागतं. भारताशी अदलाबदलीचा करार नाही, त्यामुळे परीक्षा द्याव्या लागतात. मोटरसायकलला एम१, एम२, एम अशा पायऱ्या. एम१ म्हणजे लेखी परीक्षा पास, आणि इथेच तुझा घोळ होणार आहे म्हणून नीट ऐक. एम१ फक्त ९० दिवस टिकतं. तू ऑक्टोबरात उतरणार आणि उत्साहात लगेच एम१ काढणार, मग नोव्हेंबरात बर्फ, जानेवारीत लायसन बाद, एप्रिलमध्ये परत लेखी. माझ्या ओळखीच्या दोघांनी असंच केलंय. तू हिवाळ्यात कारचं लायसन करून घे, ते तसंही लागेल, आणि एम१ एप्रिलमध्ये काढ. एम१ वर फक्त उजेडात चालवायचं, मागे कोणाला बसवायचं नाही, ८० च्या वरच्या लिमिटच्या हायवेवर जवळजवळ कुठेच जायचं नाही, आणि दारूचा थेंब नाही. थेंब म्हणजे थेंब, आपल्या घरच्या फेणीचा कौतुकाचा घोट पण नाही.

एक काम मात्र गोव्यात असतानाच करून ये. पणजीला ट्रान्सपोर्ट डायरेक्टरेट आहे, किंवा तुझ्या फोंड्याच्या आरटीओत विचार, लायसन कधीपासून आहे आणि कुठल्या कुठल्या प्रकाराचं आहे याचं सही-शिक्क्याचं पत्र इंग्रजीत घे. त्यात एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गियरवाली मोटरसायकल, स्पष्ट लिहिलेलं असू दे, नुसतं ‘ड्रायव्हिंग लायसन’ असं मोघम नको. ते पत्र असेल तर जुना अनुभव धरतात आणि मधली वाट पाहणं कमी होतं. इथून तिकडचं पत्र मागवायचं म्हणजे भावाला रजा काढायला लावायची, त्यातही आधी जेवणाची सुट्टी मग साहेब मीटिंगमध्ये, पुढचं तुला माहीत आहे.

हेल्मेट आणू नको. आयएसआय मार्क इथे मान्य यादीत नाही, डॉट, स्नेल, ईसीई वगैरे चालतात. मी दोन आणली होती, एकात आता कोथिंबीर लावलीय.

म्हापशेकरीण_सरी

मी बीसीत, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे, सरीला. इकडचं थोडं वेगळं, पुढेमागे कोणी या बाजूला येणार असेल तर. आमच्याकडे प्लेट आणि बेसिक इन्शुरन्स दोन्ही आयसीबीसी या सरकारी इन्शुरन्स कंपनीचंच, एकाच ब्रोकरकडे बसून होतं. आणि इकडे लिमिटेड स्पीड मोटरसायकल असा प्रकार आहे, इलेक्ट्रिक असेल तर मोटर दीड किलोवॉटपर्यंत, वेग ७० च्या आत, वजन बॅटरी सोडून ९५ किलोपर्यंत, ती साध्या कारच्या लायसनवर चालते. माझ्याकडे तसलीच आहे. ओंटारियोत मात्र तसल्या गाडीलाही एमच लागतं, त्यामुळे बीसीतल्या कोणाचा व्हिडिओ बघून तिकडे गाडी घेऊ नका. प्रांत बदलला की नियम बदलतो, आपल्याकडे पत्रादेवीच्या पलीकडे गेलं की पेट्रोलचा दर बदलतो तसं. आणि क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे, बाइकलाही, म्हणजे बाइक घरात असंच समजा.

फोंडेकर_झिरोपाच

बापरे, एवढं सगळं. खूप आभार सगळ्यांचे, साखळीच्या ताईंचे तर विशेष, मी त्या पेडलवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होतो खरं सांगायचं तर.

आता दोनच प्रश्न. सेकंडहँड घ्यावी का, आणि थंडीत बॅटरीचं काय करता? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर असणार, खाली पार्किंग आहे म्हणतात.

हॅमिल्टनचा_माशेलकर

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, माझी पहिली तीच होती. विकणाऱ्याने यूव्हीआयपी नावाचं पाकीट द्यायचं असतं, २० डॉलरला मिळतं, त्यात आधीचे मालक किती आणि गाडीवर कोणाचं कर्ज आहे का ते कळतं. शिवाय प्लेट लावायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, ते ३६ दिवसच चालतं, म्हणून विकणारा ‘मागच्या वर्षीचं आहे ना’ म्हणाला तर हसून सोडून दे. पेट्रोल बाइकला एंजिनचा आवाज ऐकून कळतं, इलेक्ट्रिकला कळत नाही, म्हणून फुल्ल चार्ज असताना जा आणि अर्धा तास तरी चालवून टक्के किती उतरतात ते बघ.

घ्यायच्या कोणत्या ते तुझ्या खिशावर. कॅलिफोर्नियात सुरू झालेली झिरो आहे, हार्लेमधून निघालेली लाइव्हवायर आहे, बीएमडब्ल्यूची सीई ०४ म्हणजे दिसायला स्कूटर पण वेगाला बाइक, आणि क्वेबेकच्या बीआरपीची कॅन-ॲम पल्स. ती बीआरपी म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्की-डू गाड्या बनवणारी, त्यांनी बर्फात न चालणारी गाडी काढली ही एक मजा. पल्सची बॅटरी ८.९ किलोवॉट-अवरची, शहरात १६० किमी म्हणतात, म्हणजे तुझ्या फोंडा-वेर्णाच्या तीन फेऱ्या. पण हायवेवर शंभरने गेलास की रेंज झरझर उतरते, थंडीत अजून.

चार्जिंगचं एक लक्षात घे, इथला घरचा प्लग १२० व्होल्टचा, जेमतेम १.४ किलोवॉट देतो. आपल्या पडवीतल्या १५ अँपियरच्या प्लगच्या निम्म्याहून कमी. लाइव्हवायर वनची बॅटरी १५.४ किलोवॉट-अवर, भागाकार कर, अकरा तास. आणि काही बाइकमध्ये आतला चार्जरच छोटा असतो, बाहेर कितीही मोठा पॉइंट लावा वेग तोच. हे डीलर आपणहून सांगत नाही, विचारायचं.

थंडीत लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करू नये, आत लिथियम धातूसारखं साचतं आणि बॅटरी कायमची कमी होते. चांगल्या बाइक स्वतःच चार्ज घ्यायला नकार देतात. मी नोव्हेंबरात अर्ध्याच्या थोडी वर ठेवून गराजमध्ये लावतो, महिन्यातून एकदा डोकावतो. तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्लग आहे का आणि बाइकला वापरू देतात का हे घरभाड्याच्या करारावर सही करण्याआधी लेखी विचार. बाइकच्या आधी हे. मी उलट केलं होतं, एक अख्खा उन्हाळा मित्राच्या घरी चार्जिंगला जायचो, त्याच्या बायकोने शेवटी चहा द्यायचा बंद केला.

पणजीचे_काका

मी म्हटलं होतं गाडी घे.

फोंडेकर_झिरोपाच

काका 😄 गाडी पण घेऊ, हिवाळ्यापुरती.

सोमवारी फोंडा आरटीओला जातो पत्रासाठी. घरमालकाला प्लगचं आजच मेल केलंय. आणि माझी स्कूटर आता विकायलाच हवी, फोंडा माशेल बाजूला कोणाला हवी असेल तर मेसेज करा, बॅटरी ठणठणीत आहे, चवथीपर्यंत मात्र मलाच लागेल, माटोळीचं सामान आणायचंय.

साखळीची_सून

किती किमी झालीय? आमच्या सासऱ्यांना हवी होती एक. पेडल नाहीत ना तिला?