हर्णैहून ओटीए: बीएस्सी आणि एनसीसी दोन्ही कसं निभवायचं?

हर्णैची_पोर

नमस्कार. मी हर्णैची, दापोलीला एस.वाय. बीएस्सी करते. एनसीसीचं दुसरं वर्ष, आर्मी विंग. यंदा बी सर्टिफिकेटची परीक्षा आहे. मला ओटीएत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंग अकॅडमीत जाऊन सैन्यात अधिकारी व्हायचंय. घरी हे फक्त आईला माहीत आहे. बाबांना वाटतं, परेड म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर उभं राहायचं.

सकाळच्या एसटीने जाते, परेड करते आणि बूट न बदलता तशीच लॅबमध्ये पळते. गेल्या वर्षी दहा दिवसांच्या कॅम्पला गेले तर दोन प्रॅक्टिकल्स हुकली. मॅडम म्हणाल्या, "एक काय ते ठरव." अजून ठरलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

सीनियर म्हणतात की सी सर्टिफिकेट मिळालं की लेखी परीक्षा न देता अधिकारी होता येतं. खरं आहे का? मला खरं तर नेव्ही हवी. बाबा मासेमारी बोटीवर तांडेल आहेत, सुवर्णदुर्ग बघत मोठी झाले. बीएस्सीवर होईल का? उंची १५४ आहे. पुण्याला क्लास लावण्याइतके पैसे नाहीत. आणि धावायला एक तर पुळण (किनाऱ्यावरची वाळू) आहे नाही तर पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), सपाट असं काही नाहीच.

एनसीसीवाले_सर

सीनियरनी अर्धं बरोबर सांगितलंय. एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा नसते, पण एसएसबी (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत, पाच दिवस) असते, मग मेडिकल, मग मेरिट. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड लागते आणि पदवीला ५० टक्के. वय १९ ते २५. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, मात्र आधीच्या वर्षांची सरासरी ५० टक्के हवी. म्हणजे मॅडमच्या प्रॅक्टिकलवर पाणी सोडून चालणार नाही. निवड झाली तर चेन्नईच्या ओटीएत ४९ आठवडे, आणि तिथून बाहेर पडल्यावरच लेफ्टनंट. कॉलेजातली एनसीसी कोणालाही अधिकारी करत नाही, ती फक्त दारापर्यंत नेते. मुलींच्या जागा मोजक्या असतात, म्हणून सीडीएसचा (सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या लेखी परीक्षेचा) फॉर्मही भर. ती यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. ओटीएसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढे दोनच पेपर, गणित नाही. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात.

नेव्हीचं म्हणशील तर सीडीएसमधून एझिमलाला, म्हणजे नेव्हीच्या अकॅडमीत, जायला इंजिनिअरिंगची पदवी लागते. तुझ्या पदवीवर आर्मी सरळ आहे. उंचीची काळजी नको, मुलींना १५२ सेंटिमीटर लागते.

क्लासचं म्हणशील तर नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीच्या तयारीचा १० दिवसांचा कोर्स असतो, राहणं-जेवण फुकट. सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडचं असेल आणि एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरने एसएसबीसाठी शिफारस केली असेल तर चालतं. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी कर.

कातळावरचा

बीएस्सी पुरी कर, बीएड कर, घराजवळ शाळा बघ. बाकी सगळं तारुण्यातलं खूळ.

हवालदार_रिटायर्ड

वरच्यांचा मनावर घेव नको. मी बेळगावच्या सेंटरात घडलेला माणूस, सध्या सावंतवाडीत. मला फक्त पायांचं कळतं, तेवढंच सांगतो. कोरड्या पुळणीत रोज धावलीस तर पोटऱ्या धरतील. भरती उतरल्यावर ओली, घट्ट वाळू मिळते, तिच्यावर धाव. पाण्याकडे उतार असतो, म्हणून जाताना एक बाजू, येताना दुसरी, नाहीतर एकच गुडघा बोंबलेल. पाखाडी चढताना पळ, उतरताना चाल. पावसात शेवाळ असतं, तेव्हा चढूही नकोस, घरी दोरीच्या उड्या मार. नवे बूट आठवडाभर घरात घालून फिर, पायाला खोबरेल लाव. मोजे सुती. बस्स.

देवगडचा_हापूस

उशिरा लिहितोय, बागेत फवारणी चालू आहे. मी दोनदा एसएसबीला गेलो आणि दोन्ही वेळा पाच दिवस राहून शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सनंतर परत आलो. तेव्हा माझं ऐकायचं की नाही ते तू ठरव. पण निवड झालेल्यांना आपण का निवडलो गेलो ते धड सांगता येत नाही. माझं काय चुकलं ते मात्र मला पाठ आहे.

पहिल्यांदा भोपाळ. पहिल्याच दिवशी एक अंधूक चित्र ३० सेकंद दाखवतात, ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. पंधरा पोरं एकदम बोलतात. हर्णैच्या लिलावात वाढलेल्या मुलीला त्याची भीती नको! आमच्यातले निम्म्याहून जास्त त्याच दिवशी बॅगा घेऊन स्टेशनवर गेले. मी राहिलो. नंतर ६० शब्द, एकेकाला १५ सेकंद, सुचेल ते वाक्य लिहायचं. मी कोणाच्या तरी नोट्समधली वाक्यं घोकून गेलो होतो. विसाव्या शब्दाला ती संपली.

मुलाखतीत गाव ऐकून साहेबांनी विजयदुर्ग काढला. १७५६ साली आंग्र्यांकडून कसा गेला ते मी धडाधडा सांगितलं. मग विचारलं, घरी काय? म्हटलं, आंबा. कलमं किती? म्हटलं, साधारण सव्वाशे. "साधारण?" मग एकेक प्रश्न. एक पेटी वाशीला पोचेपर्यंत खोकं, गवत, माणसं, भाडं धरून किती पडतं? दलाल किती कापतो? गेलं वर्ष फायद्यात की तोट्यात? मला एकही आकडा येईना. अडीचशे वर्षांपूर्वीचा किल्ला पाठ, आणि माझी फी कशातून भरली जाते ते ठाऊक नाही. साहेब रागावले नाहीत, नुसते पुढच्या प्रश्नाला गेले. ते जास्त लागलं.

परत आल्यावर बाबांची वही घेऊन बसलो. सगळे आकडे तोंडपाठ करून दुसऱ्यांदा बेंगळुरूला गेलो, तर आंब्याचं कोणी विचारलंच नाही! (दुसऱ्या वेळी भाडंही मिळालं नाही, ते पहिल्या खेपेलाच देतात.) विचारलं काय, तर एनसीसी कॅम्पात तुझ्या तंबूत कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, आणि तू काय केलंस? मी सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांचा म्होरक्या होतो. दोन पोरांची पाण्याच्या बादलीवरून रोज जुंपायची. मी काय केलं होतं? सरांना सांगून स्वतःचा तंबू बदलून घेतला होता. खोटं बोललो असतो तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडा पडलो असतो. खरं सांगितलं, तेही पडलंच.

म्हणून तुला एवढंच सांगणं आहे. दोन प्रॅक्टिकल्स बुडवून कॅम्पला गेलीस ना, तिथे काय घडलं ते आत्ताच एका वहीत लिहून काढ. कोण घरच्या आठवणीने रडत होती, जेवणाच्या रांगेत कोण घुसत होतं, आणि तू त्यात काय केलंस. काही केलं नसशील तर तेही लिही, आणि पुढच्या कॅम्पला कर. ड्रिल सगळ्यांचीच चांगली असते. एसएसबीत मैदानातल्या फळ्या आणि दोरही जमतात, आपल्याकडच्या पोरांना तर हमखास.

आणि मॅडमशी भांडू नकोस. कॅम्पचं पत्र जायच्या आधी हातात दे आणि प्रॅक्टिकल कुठल्या बॅचबरोबर भरून काढणार ते तूच सुचव. आम्ही कॅम्पहून आल्यावर पत्र द्यायचो, आणि वर तोंड करून हक्क सांगायचो.

हर्णैची_पोर

सगळ्यांना धन्यवाद. मॅडमकडे गेले होते. शुक्रवारच्या बॅचबरोबर एक प्रॅक्टिकल करू देणार आहेत, दुसऱ्याचं बघू म्हणाल्या. काका, ओली वाळू खरंच बरी, पण सकाळी तिथे कुत्री फार असतात.

देवगडचे दादा, तुमचं वाचून काल बाबांना विचारलं की एका फेरीला डिझेल किती लागतं, बर्फ किती, खलाशांचे वाटे कसे पाडतात. त्यांनी जाळं शिवता शिवता सगळं सांगितलं. बोटीचे वाटे आधी बाजूला काढतात हे मला माहीतच नव्हतं. मग थांबून म्हणाले, "हे कशाला गो? बोट विकतेस काय?" तेव्हा सांगून टाकलं, सगळंच. बराच वेळ काही बोलले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "पोहता येतं म्हणून सांग त्यांना."

आर्मीत पोहणं विचारतात का?