पाकिस्तानातून आलेलं सिंधी कुटुंब: नागरिकत्वाचा अर्ज कलेक्टरकडे की पोर्टलवर?

जरीपटका_१४: कुटुंब हिंदू, सिंधमधलं. मे 2013 मध्ये व्हिजिटर व्हिसावर आले. दोघांचेही पासपोर्ट 2018 लाच संपले. नवऱ्याचा लाँग टर्म व्हिसा चालू, बायकोचा वाढवायचा राहून गेला. मुलगी सतरा वर्षांची, जन्म तिकडचा, आईबापासोबतच आली. मुलगा 2015 चा, नागपुरातला. अर्ज कुठे करायचा? एजंट म्हणतो, भारतात आल्याच्या तारखेची मुदत आता 2024 पर्यंत वाढली.

फाईलवाला: केंद्राच्या नागरिकत्व पोर्टलवर, नागरिकत्व कायद्याच्या कलम 6-बी खाली (सीएए दुरुस्तीने आलेलं कलम). डिसेंबर 2016 मध्ये 16 जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अधिकार मिळाले, त्यात नागपूर होतं, म्हणून लोकं अजून तिकडेच धावतात. पण व्हिसा संपलेल्या बाईसाठी ती वाट बंद आहे. नेहमीच्या मार्गाने 11 वर्षं वास्तव्य लागतं, 6-बी मध्ये 5. शिवाय शेवटचे सलग 12 महिने दोन्ही मार्गांत.

एजंट दोन तारखांची खिचडी करतोय. नागरिकत्वासाठी प्रवेश 31 डिसेंबर 2014 किंवा त्याआधीचाच हवा. केंद्राच्या सप्टेंबर 2025 च्या आदेशात 2024 आहे, पण ती सूट फक्त पासपोर्ट-व्हिसा नसल्याच्या कारवाईतून. तिने नागरिकत्वाची तारीख बदलत नाही.

नोटरीबाजूला: कागदांचे तीन गठ्ठे करा. मूळ देशाचा पुरावा (मुदत संपलेला पासपोर्ट चालतो), प्रवेशाचा पुरावा, आणि प्रतिज्ञापत्र. शिवाय धर्माबद्दल स्थानिक संस्थेचं प्रमाणपत्र; सिंधी पंचायतीकडून घ्या.

अडतं ते दुसऱ्या गठ्ठ्यात. सगळ्यात भक्कम म्हणजे व्हिसाच्या पानावरचा इमिग्रेशनचा शिक्का, आणि प्रत्येकाचा आपापला. नवऱ्याच्या शिक्क्यावर बायकोचा प्रवेश सिद्ध होत नाही. शिक्का पुसट असेल तर परदेशी नागरिक नोंदणीचा दाखला, शाळेचा दाखला, विजेचं बिल चालेल, पण 2014 संपायच्या आतलं. आजचं आधार दाखवून उपयोग शून्य.

नावंही ताडून पाहा. पासपोर्टवर ‘देवी’ अन् आधारवर ‘देवीबाई’ असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आधीच जोडा.

फाईलवाला: मुलांचं राहिलं. मुलगा इथे जन्मला म्हणून नागरिक होत नाही. 3 डिसेंबर 2004 नंतरच्या जन्माला आईबापाची स्थिती बघतात. आधी पालकांचं, मग अज्ञान (अल्पवयीन) मूल म्हणून त्याची नोंदणी. मुलगी मध्येच अठराची झाली तर तिचा स्वतंत्र अर्ज, पण तिचा प्रवेश 2013 चा, त्यामुळे 6-बी लागू. खरी काळजी मुलाची. तो कुठून ‘आला’च नाही, म्हणून 6-बी त्याला नाही. पालकांची फाईल तो अठराचा व्हायच्या आत निकालात निघायला हवी.

जरीपटका_१४: संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड काढावं का?

नोटरीबाजूला: नको. 1951 च्या निर्वासितांविषयीच्या करारावर भारताची सही नाही, निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. सरकार एकेका गटाचं वेगळं ठरवतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटींची वसाहत आहे. त्यांचं काम नोंदणी प्रमाणपत्रावर चालतं, तुमच्या या नियमांवर नाही. ते कार्ड घेतल्याने 6-बी च्या अर्जाला काही वजन येत नाही.

तपासणी जिल्हा समिती करते, अध्यक्ष टपाल खात्याचे अधीक्षक. निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या समितीचा. तारखेला मूळ कागद घेऊन दोघांनीही जायचं, निष्ठेची शपथ तिथेच. संधी देऊनही हजर झाले नाहीत तर समिती अर्ज नामंजुरीसाठी वर पाठवते.