आजोबांची बंदूक वापरावी की जपून ठेवावी? (तातडीने मदत हवी आहे)

गोदाकाठचा
लवकर सांगा, रविवारपर्यंत ठरवायचं आहे. घरी आजोबांची वेब्ली स्कॉट आहे, जवळजवळ कोरी. आजोबांनी आयुष्यात वीस-पंचवीस बार काढले असतील फार तर. ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) जसंच्या तसं, नळ्या आतून आरशासारख्या. काका म्हणतात, बंदूक काय देव्हाऱ्यात ठेवायला घेतात का, रविवारी रेंजवर नेऊ आणि पंचवीस काडतुसं उडवू. बायको म्हणते, एक ओरखडा पडला तर तुम्हीच वर्षभर हळहळत बसाल. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. ज्यांच्याकडे अशी जुनी वस्तू आहे त्यांनीच बोला. 'विकून टाका' हा सल्ला नको.

सातपूरकर
वेब्ली म्हणजे रिव्हॉल्व्हर का?

गोदाकाठचा
दुनळी हो. बारा बोअर. रिव्हॉल्व्हरला 'नळ्या' म्हणतात का?

निवृत्त तोपची
वापरा. मी देवळालीत अर्धं आयुष्य तोफांच्या आवाजात काढलं. म्युझियममध्ये रंग लावून उभी केलेली तोफ आणि फायरिंग रेंजवरची तोफ, दोन्ही रोज पाहिल्या आहेत. पहिलीसोबत पोरं फोटो काढतात, बस. हत्यार बंद पेटीत मरतं. काका बरोबर बोलतायत.

पुणेरी जुनाट
तोपचीसाहेब, तोफ सरकारी असते, बिघडली तर दुसरी येते. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. म्हणजे देशात आहेत तेवढ्याच विलायती दुनळ्या. त्यातल्या मूळ अवस्थेतल्या किती उरल्या असतील? धागाकर्त्यांनी ॲक्शनच्या, म्हणजे नळ्यांमागच्या यंत्रणेच्या, पोलादावर बघावं, नवी असताना तिथे निळे-तपकिरी ढगांसारखे रंग असतात. हाताच्या घामाने ते पुसले जातात. पुन्हा चढवून घेता येतात, पण जाणकाराला फरक लगेच कळतो आणि किंमत तिथेच उतरते. पंचवीस बारांनी नळीचं काही झिजत नाही, हे खरं. झीज होते ती हाताळण्याने.

निवृत्त तोपची
म्हणजे बघायचं पण नाही, धरायचं पण नाही. मग फोटोच ठेवा की घरात.

वकिली बाणा
सगळे हवेत बोलताय. लायसन्स कुणाच्या नावावर? आजोबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा केली होती का? नसेल तर वापरावी की जपावी हा प्रश्नच उद्भवत नाही, घरात आहे हाच गुन्हा.

गोदाकाठचा
आजोबा गेले असं कोण म्हणालं? ९१ वर्षांचे आहेत, सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातात. लायसन्स मागच्या वर्षी माझ्या नावावर झालं. सगळं रीतसर आहे. मूळ प्रश्नावर या.

वकिली बाणा
हे आधी लिहायचं असतं. शीर्षकात 'आजोबांची' आणि पुढे 'काढले असतील', कुणालाही वाटेल गेले. असो. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं की हयातीतच वारसाला देता येतं, तसं झालं असणार. आता तीन गोष्टी. बंदूक तुमच्यासोबतच जाईल, काकांच्या डिकीत एकटी नाही. वर्षाला किती काडतुसं घेता येतात तो आकडा लायसन्सवर असतो, पंचवीस एका दुपारी उडवण्याआधी तो वाचा. आणि रेंज कुठली?

गोदाकाठचा
रेंज म्हणजे काकांचा मळा, निफाडजवळ. मागे नाला आहे, कुणी नसतं तिकडे. दसऱ्यालाच काढणार होतो, सगळे जमलेही होते, पण पाऊस आला.

वकिली बाणा
याला रेंज म्हणतात?? वर दसऱ्याला, सगळे जमलेले असताना! २०१९ च्या दुरुस्तीनंतर समारंभात हौसेने किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून दुसऱ्याच्या जिवाला धोका आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पावसाचे आभार माना.

द्राक्षबाग
निफाडमध्ये 'कुणी नसतं' असा नाला मला पण दाखवा दादा. छाटणी चालू असली की प्रत्येक बांधावर मजूर आहेत. आणि उसात बिबट्या आहे तो वेगळाच. आमच्याकडे पण वडिलांच्या नावावर बारा बोअर होती, पीक संरक्षणासाठी. दर निवडणुकीला जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. एकदा परत आली ती दस्त्यावर वीतभर ओरखडा घेऊन. विचारलं तर म्हणे आधीचाच असेल. त्यामुळे जपण्याचं फार मनावर घेऊ नका, तुम्ही जपाल, दुसरा ओरखडेल.

चिवडाप्रेमी
वानरांसाठी एअरगन बरी पडते का? टेरेसवर कुंड्या ठेवत नाहीत. .१७७ ला लायसन्स लागत नाही म्हणतात.

वकिली बाणा
२० ज्यूलच्या आत असेल तर लागत नाही. पण वानर मारलंत तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. कुंड्यांवर जाळी लावा. वेगळा धागा काढा.

सातपूरकर
अवांतर: नेमबाजीचा विषय निघालाच आहे तर, पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. आपल्याकडे मिसळीचीच चर्चा जास्त.

भिंगवाला
दोन दिवस धागा वाचतोय. वापरा, जपा, कायदा, वानरं, सगळं झालं. एक प्रश्न कुणी विचारला नाही: चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, किती लांबीचं आहे? धागाकर्ते, बंदूक रिकामी आहे ना बघा. नळ्या उतरवा. उतरवताना बंदूक मिटलेली असतानाच पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, आधी काढा. मग आतले घोडे ताणले जात नाहीत. नळ्या उलट्या करा. मागच्या टोकाला चपट्या भागावर बारीक ठसे असतील. जसेच्या तसे लिहा.

गोदाकाठचा
भिंग घेऊन वाचले. मुकुट, खाली बी एन पी. मग १२. मग .७२९. मग २ १/२. मग ३ टन्स, पुढे चौकोन. दोन्ही नळ्यांवर सारखेच. हे काय आहे? आणि काका काडतुसं आधीच घेऊन आले आहेत, डब्यावर ७० लिहिलंय.

भिंगवाला
ती काडतुसं बाजूला ठेवा. आत्ताच.
बी एन पी म्हणजे बर्मिंगहॅमची नायट्रो प्रूफ, आजच्या धूररहित दारूसाठी तपासलेली. चांगली गोष्ट. टनांचा आकडा आहे म्हणजे १९५४ नंतर तपासलेली. पण २ १/२ म्हणजे अडीच इंच, ६५ मिलिमीटरचं चेंबर. ७० चं काडतूस पावणेतीन इंचांचं.
खरी फसगत पुढे आहे. काडतुसाची लांबी मोजतात ती तोंड उघडल्यानंतरची. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड घडी घालून बंद केलेलं असतं, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये अलगद बसतं. बंदूक मिटतेही छान. काकांना वाटणार, बसलं म्हणजे चालतं. बार उडाला की घडी उलगडायला जागा नसते, तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. एखाद्या वेळी काही होणारही नाही. पण त्या बंदुकीला ती सवय लावू नका.

निवृत्त तोपची
हे बरोबर आहे. माघार घेतो. वापरा, पण योग्य काडतुसाने.

पुणेरी जुनाट
चला, माझा मुद्दा अर्धा तरी सिद्ध झाला.

भिंगवाला
तुमचाही नाही झाला. धागाकर्ते, ठेवता कशात?

गोदाकाठचा
मूळ चामड्याच्या पेटीत, आत लाल बनात. त्याच पेटीसकट घेतली होती.

भिंगवाला
पेटी कपाटावर ठेवा, बंदूक दुसरीकडे. चामडं आणि बनात ओल धरतात, नाशिकच्या पावसाळ्यात तर चार महिने. फोरएंडखाली, नळ्यांच्या मधल्या फटीत बघा.

गोदाकाठचा
बघितलं. आता सांगायला लाज वाटते. वरून काहीच नाही. फोरएंडखाली डाव्या नळीवर नखाएवढा लाल डाग. आधी गंज वाटला. कापसाने पुसला तर कुंकू निघालं, दरवर्षी खंडेनवमीला आई हळदकुंकू वाहते ना, ते ओघळून आत गेलं असणार. कुंकू निघालं, त्याखाली मात्र खरा गंज आहे, बोट फिरवलं की खरखर लागते. पासष्ट-सत्तर वर्षांची कोरी बंदूक, आणि आम्हीच पूजा करून करून खड्डा पाडला.

द्राक्षबाग
आमच्याकडे ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला लावतात, त्याला काही होत नाही.

भिंगवाला
घासू नका. बारीक तेल लावून दोन दिवस ठेवा, मग मऊ कापडाने. सँडपेपर हा शब्दही काकांसमोर काढू नका. चांगल्या गनस्मिथकडे नळ्यांची जाडी मोजून घ्या. घरच्या घरी करायचं तर नळ्या सुतळीने टांगून लाकडी काठीने हलकेच टिचकी मारा, घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर मधली पट्टी सुटतेय. पुढच्या पूजेला पेटीवर वाहा म्हणावं आईंना.
आणि एक राहिलंच. आजोबा रोज फिरायला जातात म्हणता. त्यांना विचारलंत का?

गोदाकाठचा
काल रात्री विचारलं. मला वाटत होतं त्यांनी जिवापाड जपली म्हणून कोरी राहिली. तर म्हणाले, "जपली कुठली? अठ्ठावन्न साली घेतली, शिकारीची हौस होती. काडतुसं महाग म्हणून मोजून उडवायचो. मग बहात्तरला शिकारच बंद झाली. पडून राहिली ती पडूनच राहिली." मग हातात घेतली, मिटली, खांद्याला लावली. डावा डोळा मिटून बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून उभे होते. खाली ठेवताना म्हणाले, मळ्यात नको, खऱ्या रेंजवर न्या, मी पण येतो.
रविवार रद्द. काका फुगलेत. नाद घंटेसारखा आला. आता ६५ ची काडतुसं कुठे मिळतील? दोन दुकानांत विचारलं, दोघांकडे ७०. एक म्हणाला, "सगळे हेच वापरतात साहेब, बसतं की."

भिंगवाला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा.