मदत हवी आहे: जलरंगात फिरता प्रोपेलर कसा दाखवायचा?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या एअरो कमांडर विमानाचं चित्र करतोय. दोन पिस्टन इंजिनांचं, पंख छताला असलेलं हे चिमुकलं विमान १९५६ ते १९६० मध्ये ते वॉशिंग्टन ते गेटिसबर्गच्या शेतापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांना वापरायचे. अध्यक्षांच्या विमानांतलं हे सगळ्यात लहान. मूळ विमान ओहायोतल्या डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, पण तिथले फोटो अर्थातच थांबलेल्या पंख्यांचे. मला ते गवती धावपट्टीवर, इंजिनं सुरू असलेलं हवंय.

अडलंय ते पंख्यांपाशी. समोरून तिरकं बघताना जवळच्या पंख्याचं चक्र अर्धं पांढऱ्या धडावर आणि अर्धं मागच्या गडद हिरव्यावर येतं. धडावर फिका राखाडी वॉश (पातळ रंगाचा थर) छान बसला, हिरव्यावर मात्र दिसेनासाच झाला. मास्किंग फ्लुइड (कागदाची जागा रंगापासून झाकणारा द्रव) लावून पाहिलं, तर कडा इतकी करकरीत आली की विमानाला ताटली चिकटवल्यासारखं वाटतं. ओल्या ब्रशने रंग उचलायला गेलो तर हिरवा हटेना (थॅलो आहे, म्हणजे कागदात मुरणारा रंग, चूक माझीच), आणि कागदाची लव निघाली.

कागद ३०० जीएसएम, कॉटन, कोल्ड प्रेस, साधारण ए३. एअरब्रश नाही. पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) चालेल, पण अगदी थोडा, डिजिटल नको. नव्या कागदावर पुन्हा सुरुवात करायची तयारी आहे.

तर हिरवा आधी कोणता घेऊ म्हणजे नंतर उचलता येईल, की चक्राची जागा आधीच फिकी सोडून कडा ओल्यातच विरघळवू?