पॅप स्मिअरला (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला) आलेल्या माजी सैनिक ताई टेबलावर गोठल्या, पुढच्या वेळी काय करू?

ओपीडीतली सिस्टर:
गायनॅक ओपीडीला आहे. परवा एक ताई आल्या, फोर्समधनं रिटायर, बोलायला कडक. टेबलावर घेतलं आणि मी नेहमीसारखं म्हटलं, हलू नका, अंग सैल सोडा, दोन मिनिटांचं काम आहे. तर बाई गोठल्याच, डोळे उघडे पण हाकेला ओ नाही. मग साडी सावरत निघाल्या, जाताना एवढंच म्हणाल्या, 'नोकरीत असताना एकदा...' आणि गप्प. शनिवारी परत येणार आहेत. काय झालतं ते विचारू का?

जुनी मेट्रन:
आधी पोस्टमधनं गावाचं नाव काढ बाई, तिथनं फौजेत गेलेल्या अशा किती जणी असणार, संध्याकाळपर्यंत टपरीवर चर्चा होईल. खोदून विचारू नकोस. 'पूर्वी कुणी जबरदस्ती केल्यामुळं तपासणी जड जाते का, नुसतं हो-नाही म्हटलं तरी चालेल' एवढंच, ते पण नवरा-सासू बाहेर असताना. आणि 'हलू नका' तू धीर द्यायला म्हणतेस गं, पण तो हुकूमच झाला, तेव्हाही तिला कुणी तेच म्हटलं असंल.

सांगलीकर:
माझी चुलतबहीण अमेरिकेत माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलला नर्स आहे. तिथं नोकरीत असताना लैंगिक छळ किंवा जबरदस्ती झाली का, हे सगळ्यांनाच विचारतात, साधारण ३ बायकांत १ आणि ५० पुरुषांत १ हो म्हणतो, आणि नोकरीत असताना तक्रार केली नसली तरी त्याचे उपचार फुकट. ती म्हणते प्रत्येक स्टेप आधी सांगायची, परवानगी घ्यायची, हात वर केला की थांबायचं, पेशंटला हवं असेल तर स्पेक्युलम (तपासणीसाठी योनीमार्ग उघडा ठेवायचं साधन) तिलाच घालू द्यायचा. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालताना, दाताच्या खुर्चीत पण हेच होतं. झोपलेलीला हात लावून उठवायचं नाही, लांबनं नावानं हाक मारायची.

ओपीडीतली सिस्टर:
नाव काढलं, सॉरी. पण परत गोठल्या तर? आणि आमच्याकडं ओपीडीत मुंगीला जागा नसते ओ.

जुनी मेट्रन:
म्हणून शेवटचा नंबर दे. गोठली तर सगळं थांबव, चादर पांघर पण विचारून, पाय जमिनीला टेकवू दे आणि हळू सांग, 'ताई, तुम्ही दवाखान्यात आहात, मी सिस्टर, कधीही उठून जाऊ शकता'. स्मिअर त्या दिवशी राहिला तर राहू दे. बोलायची इच्छा दिसली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे, मराठीत बोलतात.

ओपीडीतली सिस्टर:
केसपेपरवर काय लिहू?

जुनी मेट्रन:
'तपासणीची भीती, सावकाश घ्या.' बास. केसपेपर मावशी-मामा पण वाचतात. बाकीचं डॉक्टर मॅडमना तोंडी सांग, ते पण ताईंना विचारूनच.