ओकच्या जुन्या वनात ओकचीच नवी पिढी का दिसत नाही?

केतकी (फ्रँकफुर्ट):
नमस्कार. जर्मनीतील श्पेसार्टच्या डोंगराळ वनात काही शतके वयाचे ओक उभे आहेत. शरदात त्यांच्याखाली फळांचा सडा पडतो आणि वसंतात रोपेही उगवतात. परंतु कमरेइतकी उंच झालेली ओकची रोपे जवळपास आढळत नाहीत, सर्वत्र बीच वृक्षच वर येताना दिसतात. युरोपातील इतक्या जीवांना आसरा देणाऱ्या वृक्षाला स्वतःच्या वनात जागा का मिळत नाही, आणि हे वृक्ष गेल्यावर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जीवांचे काय होईल?

वनस्पती-अभ्यासक:
केतकीताई, मुख्य कारण प्रकाशाचे आहे. ओकच्या जड फळात अन्नाचा साठा भरपूर असतो आणि त्या बळावर रोप सुरुवातीला सावलीतही तग धरते. मात्र साठा संपला की त्याला मोकळे आकाश लागते. बीचचे रोप दाट सावलीत वर्षानुवर्षे संथपणे वाढत राहू शकते. त्यात 1907 च्या सुमारास युरोपात ओकवरील भुरीची नवी बुरशी पसरली, जी कोवळ्या पानांवर पांढरा थर धरून रोपाला आणखी दुबळे करते. उरलेले कोंब हरिणे खातात.

त्यामुळे ओकचा वंश मूळ झाडाच्या पायथ्याशी न वाढता दूर वाढतो, आणि हे काम प्रामुख्याने ‘जे’ हा कावळ्याच्या कुळातील, पंखावर निळा पट्टा असलेला पक्षी करतो. एकच पक्षी एका शरदात हजारो फळे हिवाळ्याच्या बेगमीसाठी पुरून ठेवतो, पुष्कळदा वनाच्या कडेला किंवा मोकळ्या जमिनीत, आणि न खाल्लेली फळे तेथे रुजतात. जवळ काटेरी झुडूप असेल तर चरणाऱ्या जनावरांपासून रोपाचे रक्षण होते. डच पर्यावरणशास्त्रज्ञ फ्रान्स वेरा यांनी 2000 साली याच आधारे, प्राचीन युरोप चराऊ प्राण्यांनी मोकळा राखलेला प्रदेश होता, असे मांडले. जुन्या थरांतील परागकणांवरून पूर्वीची वने कशी होती हे शोधणाऱ्या अनेक अभ्यासकांना ते मान्य नाही. मलाही संपूर्ण खंडाला तो निष्कर्ष लावणे पटत नाही, परंतु ओकच्या रोपाविषयीचे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे.

रानातला वाचक:
वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. श्पेसार्ट हे माइन्झच्या आर्चबिशपांचे शिकारीचे रान होते, आणि युरोपात अनेक ठिकाणी डुकरे पोसण्यासाठी फळे देणारे ओक मुद्दाम राखले जात. आज दिसणारी जुनी ओकवने निसर्गाइतकीच माणसाच्या वापरानेही घडली आहेत. तो वापर थांबल्यावर बीचने बाजी मारली.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. ब्रिटनमध्ये सूक्ष्मजीव वगळता सुमारे 2,300 जाती ओकशी निगडित असल्याची नोंद झाली आहे, आणि त्यांपैकी 326 जाती केवळ ओकवरच आढळतात. यांतील अनेक जीवांना नुसता ओक पुरत नाही, म्हातारा ओक लागतो. बुरशी खोडाचा गाभा कुजवते, तरी बाहेरचे जिवंत लाकूड पाणी वाहत राहते, म्हणून पोकळ झालेले झाड पुढे दीर्घकाळ जगते. ढोलीच्या तळाशी साचलेल्या तपकिरी भुशात ऑस्मोडर्मा एरेमिटा या दुर्मीळ भुंगेऱ्याच्या अळ्या काही वर्षे वाढतात. प्रौढ भुंगेरे बहुधा जन्माच्या झाडातच राहतात, आणि जे बाहेर पडतात त्यांपैकी बहुतेक काहीशे मीटरपलीकडे जात नाहीत. म्हणजे जुना वृक्ष कोसळेपर्यंत जवळचा दुसरा वृक्ष ढोली पडण्याइतका वयस्क झाला नसेल, तर त्या रानातून हा भुंगेरा नाहीसा होतो. एक जुना ओक तोडून शंभर रोपे लावल्याने ही भरपाई होत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

केतकी (फ्रँकफुर्ट):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मे महिन्यात काही ओक अळ्यांनी जवळजवळ निष्पर्ण केलेले पाहिले. अशी झाडे वाचतात का?

वनस्पती-अभ्यासक:
झाड निरोगी असेल तर सहसा वाचते. विंटर मॉथसारख्या पतंगांच्या अळ्या पालवी कोवळी असतानाच ती खातात, कारण पुढे पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य वाढून ती निबर होतात. टिट हे छोटे पक्षी पिल्लांचा जन्म याच अळ्यांच्या हंगामाशी जुळवतात. ऑक्सफर्डजवळील वायथम वनात 1947 पासून त्याच्या नोंदी होत आहेत, आणि वसंत लवकर येऊ लागल्यापासून तेथील टिट पक्षीही पूर्वीपेक्षा लवकर अंडी घालू लागले आहेत. ओकला मात्र उन्हाळ्याच्या मध्यावर दुसऱ्यांदा पालवी फुटते. जुलैत तीच झाडे पुन्हा पाहावीत. नवी पाने बऱ्याचदा तांबूस छटेची असतात, त्यामुळे ती सहज ओळखता येतील.